फिटरकाकांना विचारा : पंख्याच्या कडेवरची राणी

प्रश्न : काका, मोबाइलवर हाँगकाँगच्या एका बेटावरच्या मिरवणुकीचा व्हिडिओ आला. पाच-सहा वर्षांची मुलगी, राणीचा पोशाख आणि उभी कशावर, तर दुसऱ्या मुलाने धरलेल्या पंख्याच्या कडेवर! हे खरं असतं की कॉम्प्युटरची करामत? आमच्या कॉलनीच्या मंडळाला गणपतीत असंच करायचंय आणि वर माझ्या मुलीला चढवायचं म्हणतात.
— एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, खरं असतं. फक्त ती पोर उभी नसते, बसलेली असते. मिलमध्ये होतो तेव्हा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांसाठी मीही लोखंड वाकवलंय, म्हणून सांगतो, अशा वेळी चेहऱ्याकडे बघू नका, बाहीकडे बघा. चौथऱ्यातून एक पोलादी सळई निघते, खालच्या मुलाच्या पोशाखातून वर चढते, पंख्यात नाहीतर तलवारीत मिसळून जाते आणि वरच्या मुलीच्या झग्यात संपते. तिथे छोटी बैठक आणि पट्टे. खालच्या पोरावर वजन पडतच नाही, तो नुसता पंखा धरल्याचं नाटक करतो. खरी कारागिरी वाकवण्यात आहे. सळई कशीही वळो, वरचं वजन चौथऱ्याच्या मध्याजवळच उतरलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच वळणावर सगळं आडवं.

तुम्ही पाहिलंत ते बहुधा चेउंग चाव बेट. चिनी चौथ्या महिन्याची अष्टमी, म्हणजे बहुतेक वर्षी आपली वैशाख शुद्ध अष्टमी. रोगराई टळावी म्हणून पाक ताई देवाला साकडं घातलं, त्यातून हा उत्सव आला असं तिथले लोक सांगतात. त्या दिवसांत बेटावर मांसाहार बंद; बर्गरवालेसुद्धा अळंबीचा बर्गर विकतात! पोरांना देवादिकांबरोबर हल्लीच्या पुढाऱ्यांचीही सोंगं देतात. आपल्याकडे तेवढ्यावरून केस होईल.

ग्वांगडोंग प्रांतात शावान, वूच्वान इथेही हीच कला आहे. चीनने 2008 मध्ये तिला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं. मला स्वतःला उत्तरेकडच्या शान्शीतली तऱ्हा जास्त भावते. तिथे चौथरा नाहीच. गडी लोखंडी सांगाडा पाठीला बांधतो, वर पोर, आणि हा खाली ठेक्यावर नाचतो. त्याच्या प्रत्येक पावलाला वरच्या पोराच्या लांब बाह्या झुलतात. तो सांगाडा घडवणाऱ्याला माझा रामराम.

आता तुमच्या मंडळाचं. सरळ नाही म्हणा. तिकडे सळई वाकवणारे हात वर्षानुवर्षं तेच काम करतात. इथे कोपऱ्यावरचा वेल्डर संध्याकाळी टाका मारून देणार, वरून चकचकीत, आतून पोकळ. शिवाय आपल्या गल्ल्यांत डोक्याच्या उंचीवर केबली आणि विजेच्या तारा लोंबतात. करायचंच असेल तर वर कागदाच्या लगद्याची राणी बसवा आणि मुलीला खाली पंखा धरायला द्या. चौथऱ्याला चाकं लावा, आणि मिरवणुकीच्या आधी त्याच वजनाची वाळूची पोती वर बांधून कॉलनीला दोन फेऱ्या मारायला सांगा. कुरकुर ऐकू आली तर मला बोलवा, चहा तेवढा कडक करा.