टोकियो सोडताना सोफा-पलंगाचं काय करायचं

भारतात परत जाताना सोफा-पलंग कसा टाकायचा विचारतोस ना? अरे घाबरू नकोस, निशी-कासाईतल्या (टोकियोतला आपल्या लोकांचा भाग) प्रत्येक मराठी घरात परत जायच्या आधी हीच धावपळ होते. पहिलं म्हणजे तारीख. फर्निचर इथे नुसतं कचऱ्यात ठेवून चालत नाही, ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू म्हणजे 'सोदाई गोमी' (मोठा कचरा), त्यासाठी वॉर्डाकडे फोनवर नाहीतर ऑनलाइन बुकिंग करावं लागतं आणि मार्च-एप्रिलमध्ये सगळं जपान घर बदलत असतं त्यामुळे तारीखच मिळत नाही, तेव्हा महिनाभर आधीच लाग.

बुकिंग झालं की ते किती पैसे ते सांगतात, तेवढ्याचे स्टिकर कॉन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या कन्व्हीनियन्स स्टोअरमधून आण (२०० आणि ३०० येनचे असतात), त्यावर नाव किंवा नंबर लिही, चिकटव आणि त्या दिवशी सकाळी ८ च्या आत खाली ठेव. मी पहिल्यांदा १०० येन कमी लावले, सोफा तिथेच, वर शेजारच्या आजींचं लेक्चर!

नवीन लोक हमखास चुकतात ते असं:
- फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी यात जात नाहीत, त्यांचा रीसायकलचा कायदा वेगळा, पैसेही वेगळे
- भोंगा लावून 'फुकट नेतो' म्हणत फिरणारे ट्रक. सामान चढवलं की पैसे मागतात
- रात्री गुपचूप बाहेर ठेवणं. गुन्हा आहे, अजिबात नको

चांगल्या वस्तू आधी आपल्या ग्रुपवर किंवा जिमोतीवर (जुन्या वस्तू देण्याघेण्याची जपानी साइट) फुकट टाक. विकून पैसे करायच्या नादात मात्र पडू नकोस, शेवटच्या आठवड्यात 'उद्या येतो' म्हणणारा येतच नाही.