‘ओरिजिन/लॉगिन’ म्हणजे सर्व्हर नव्हे

प्रश्न : आम्ही चौघी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्ट गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे. मैत्रिणीनं रात्री ‘लॉगिन’ ब्रांच (कामाची वेगळी शाखा) सर्व्हरवर पुश केली, पण माझ्या लॅपटॉपवर ‘गिट स्टेटस’ सगळं अप टू डेट सांगत होतं. सर्व्हरवरचं थेट बघावं म्हणून ‘गिट चेकआउट ओरिजिन/लॉगिन’ केलं आणि तिथेच दोन कमिट (बदलांच्या जतन केलेल्या नोंदी) केले. ‘मेन’वर परत आले तर दोन्ही गायब! शिवाय सर्व्हरवरून, म्हणजे गिटहबवरून, काढलेल्या ब्रांचेस माझ्याकडे अजून दिसतात.
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर, पुणे

उत्तर : आधी कमिट परत मिळवू. ते लॅपटॉपवरच आहेत. ‘गिट रिफ्लॉग’ द्या. हेड (तुम्ही आत्ता कुठे आहात ती खूण) कुठून कुठे गेलं त्याची यादी येईल. तुमचा मेसेज शोधा, त्या ओळीच्या सुरुवातीला छोटा हॅश, म्हणजे कमिटचा ओळख-क्रमांक, असतो. दोनपैकी नंतरच्या कमिटचा घ्या, आधीचा त्याच्यामागून येतोच. मग ‘गिट ब्रांच वाचवलेलं’ लिहून पुढे तो हॅश द्या. हे आजच करा. कुठल्याच ब्रांचमध्ये नसलेल्या कमिटच्या अशा नोंदी गिट एरवी ३० दिवसच ठेवतं.

आता घोळ कुठे झाला ते. तुम्ही दोन ब्रांचेस धरून चालला आहात, पण आहेत तीन. तुमची ‘लॉगिन’, सर्व्हरवरची ‘लॉगिन’ आणि ‘ओरिजिन/लॉगिन’. ‘ओरिजिन’ हे सर्व्हरवरच्या प्रतीचं गिटमधलं नेहमीचं नाव, पण ही तिसरीसुद्धा तुमच्याच लॅपटॉपवर असते. सर्व्हरशी शेवटचं बोलणं झालं तेव्हा तिथे काय होतं, एवढीच ती नोंद. पीएमपीच्या थांब्यावरचं वेळापत्रक जसं बस कुठे अडकलीय ते सांगू शकत नाही, तसंच हे. ‘स्टेटस’ याच नोंदीशी तुलना करतं, नेटवर जातच नाही. म्हणून ते अप टू डेट म्हणालं, आणि त्याच्या परीनं खरंच बोललं.

नोंद ताजी होते ‘गिट फेच’नं. फेचला अजिबात घाबरू नका. ते तुमच्या फाइलींना किंवा तुमच्या ब्रांचेसना हात लावत नाही. ‘पुल’ मात्र फेच करून पुढे मर्जही करतं, म्हणजे ते बदल तुमच्या ब्रांचमध्ये मिसळतं. नव्या मुलामुलींना मी आग्रहानं सांगते, आधी फेच, मग स्टेटस, मग पुल. काय येतंय ते बघून घेतलेलं बरं.

‘ओरिजिन/लॉगिन’वर चेकआउट केलंत तेव्हा तुम्ही कुठल्याच ब्रांचवर नव्हता. याला डिटॅच्ड हेड म्हणतात. गिट तेव्हा लांबलचक सूचना देतं, ती वाचायला हवी. त्यापेक्षा ‘गिट स्विच’ वापरा, २०१९ पासून आहे. ‘गिट स्विच ओरिजिन/लॉगिन’ म्हटलंत तर ते सरळ नकार देतं. ‘गिट स्विच लॉगिन’ करा, पुल करा आणि ‘वाचवलेलं’ त्यात मर्ज करा. मैत्रिणीनं त्याच ओळी बदलल्या असतील तर कॉन्फ्लिक्ट येईल, म्हणजे कुठला बदल ठेवायचा ते गिटला ठरवता येणार नाही. तो दोघींनी शेजारी बसूनच सोडवा.

काढलेल्या ब्रांचेस दिसतात कारण साधं फेच जुन्या नोंदी पुसत नाही. ‘गिट फेच डॅश डॅश प्रून’ द्या. तुमच्या स्वतःच्या ब्रांचेस तरीही राहतील. ‘गिट ब्रांच’ला डॅश आणि दोन व्ही जोडलेत, की ज्यांची सर्व्हरवरची जोडी गेली त्यांच्यापुढे ‘गॉन’ दिसेल. त्या ‘गिट ब्रांच’ला डॅश आणि लहान डी जोडून काढा. मर्ज न झालेलं काम असेल तर गिट अडवतं. गिटहबवर स्क्वॉश करून (सगळे कमिट एकात दाबून) मर्ज केलं असेल तरीही अडवतं, कारण तिथे कमिट नवा बनतो. काम असं मर्ज झाल्याची खात्री पटली, तरच मोठा डी.