शवासन त्यांना जमत नव्हतं

"मॅडम, योगा चालू केलाय. आता बीपीची गोळी सोडली तर चालेल ना?"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या खोलीत हा प्रश्न वरचेवर येतो. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. गोळी ठेवायची की काढायची हे ठरवणं माझं काम नव्हे, आणि ते मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. पण गोळीचा एवढा धसका का बसलाय, हे विचारणं मात्र माझं काम आहे. एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

गृहस्थ ऐरोलीचे, वय ५३, रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर. बायकोनेच धरून आणलं होतं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब १६४/१०२ निघाला, डॉक्टरांनी दोन गोळ्या सुरू केल्या आणि दोन महिन्यांत आकडा १३४/८४ वर आला. त्याच सुमारास सोसायटीतल्या मित्रांबरोबर ते सकाळी बागेत योगाला जाऊ लागले. अंग हलकं वाटायला लागलं. मग एक दिवस त्यांनी मनाशी ठरवलं, आता गोळ्या कशाला? घरात कुणाला पत्ता नाही. तीन आठवड्यांनी सहज मोजलं तर १७०/१०४. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, छातीत धडधड नव्हती. म्हणून त्यांचं म्हणणं एकच, मशीन बिघडलंय.

मशीन ठीक होतं. वाढलेला दाब बहुतेकांना जाणवतच नाही, म्हणून तर तो मोजावा लागतो.

"बागेत काय काय करता?" मी विचारलं. मोबाइलवर बघून जोरजोरात कपालभाती दहा मिनिटं, श्वास कोंडून धरायची चढाओढ, आणि भिंतीच्या आधाराने शीर्षासन. "घाम निघाला पाहिजे मॅडम, त्याशिवाय योगा कसला?" दाब आटोक्यात नसताना ज्या गोष्टी टाळायला सांगतात, नेमक्या त्याच ते नेमाने करत होते. आणि शेवटचं शवासन?

"ते सुरू झालं की मी चपला घालून निघतो. नुसतं पडून काय राहायचं?"

हे उत्तर मी बऱ्याच पुरुषांकडून ऐकलंय. एकोणिसाव्या वर्षापासून शिफ्ट केलेल्या माणसाला दिवसाउजेडी आडवं होणं आळशीपणाचं वाटतं, हे मी समजू शकते. पण यांच्या आवाजात चिडण्यापेक्षा वेगळं काहीतरी होतं. मी गप्प बसले. तेही गप्प. शेवटी त्यांची बायको म्हणाली, "ह्यांचे बाबा चार वर्षं तसेच पडून होते."

वडील जावळीकडचे, वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी कामगार. पाठीवर गोण्या वाहणारा माणूस एका सकाळी अर्धांगवायूने कोसळला. कोपरखैरण्याच्या खोलीत खिडकीपाशी खाट, त्यावर ते उताणे, हात बाजूला, तळवे वर. कूस बदलणं, पुसून काढणं, सगळं या मुलाने केलं. "आणि आता मला सांगतात, तसंच पडून राहा. नाव तरी काय, शवासन!" एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

गोळीचा राग तिथलाच होता. "बाबा गोळ्या घ्यायचेच की. तरी झालंच ना?"

मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "आईंना विचाराल का, बाबा गोळ्या कशा घ्यायचे?" पुढच्या भेटीत त्यांनी खाली बघतच सांगितलं. आई म्हणाली होती, डोकं जड झालं की एक घ्यायचे, एरवी पट्टी उशाखाली पडून असायची. त्या दिवशी आम्ही बीपीबद्दल आणखी काहीच बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी ते आपणहून डॉक्टरांकडे गेले, गोळ्या सोडल्याचं कबूल केलं आणि पुन्हा सुरू केल्या. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर दाब उसळी मारतो, म्हणून हे डॉक्टरांपासून लपवणं फार महागात पडू शकतं.

मग योगाचं काय? तो सोडा असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. त्याचा उपयोग होतो असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला आधारही आहे. रक्तदाबासाठी शवासन तपासून बघितलं ते आपल्या मुंबईतच. परळच्या केईएममधले डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ रुग्णांना शवासन शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९६९ साली छापून आले. अनेकांचा दाब उतरला, गोळ्या घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा डोस कमी करता आला. हे ऐकून त्यांचे डोळे चमकले. "कमी कोणी केला?" मी विचारलं. "डॉक्टरांनी," ते हसून म्हणाले. पुढच्या काळातले अभ्यास एकत्र करून पाहिले तर वरच्या आकड्यात सरासरी पाचेक अंकांची घट दिसते, कुणात जास्त, कुणात कमी. १७० मधून पाच वजा केले तर काय उरतं, तो हिशोब त्यांनी स्वतःच केला. पण पाच अंक वर्षानुवर्षं खाली राहिले तर अर्धांगवायूचा धोका खरोखर कमी होतो, म्हणून तेही सोडायचे नाहीत.

हे घडतं कसं, तेही त्यांना हवं होतं. यंत्रांवर काम करणारा माणूस. मानेतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीत दाब ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूला खबर देतात आणि हृदयाची गती उतरते. सतत ताणात असलेल्या माणसात ही व्यवस्था बोथट होते. मिनिटाला साधारण सहा श्वास, इतक्या संथ लयीत श्वास घेतला की ती पुन्हा तल्लख होते. "म्हणजे सेन्सर कॅलिब्रेट करायचा," ते म्हणाले. त्यांच्या भाषेत बरोबरच होतं.

राहिलं शवासन. ते आम्ही सरळ केलंच नाही. आधी मकरासन, म्हणजे पोटावर झोपून कपाळ हातांवर टेकवायचं, तीन मिनिटं. खिडकीपासून दूर, बायको शेजारच्या चटईवर. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, मध्ये कोंडायचा नाही. महिन्याने कुशीवर. मग पाठीवर, पण गुडघे दुमडून आणि हात पोटावर, कारण बाबांचे हात तसे नसायचे. तळवे वर करून पाय पसरायला नववा आठवडा उजाडला. त्या दिवशी रडू आलं, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. दाब किती होता ते सांगायचं विसरले.

बागेतला मोबाइल सुटला आणि ते रीतसर वर्गाला जाऊ लागले. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्था कितीतरी वर्षं योगवर्ग चालवत आहेत. कुठेही जा, पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगा, "मला बीपी आहे, अमुक गोळ्या चालू आहेत."

वही मात्र मी आग्रहाने ठेवायला लावली. सुरुवातीला ते शवासनातून उठल्या उठल्या मोजायचे, १३२ दिसले की खूश. दुसऱ्या सकाळी १४६. उठल्यावरचा आकडा त्या पाच मिनिटांचा असतो, दिवसाचा नव्हे. म्हणून मोजायचं ते रोज ठरल्या वेळी, सकाळी गोळीच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, बोलायचं नाही. दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहायला लावली: १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं किंवा बोबडी वळणं, असं असेल तर शवासन नाही, थेट हॉस्पिटल.

मिठाचा प्रश्न बायकोने सोडवला. दिवसाला माणशी ५ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, हे कळल्यावर ताटातला पापड आणि लोणचं गेलं. कँटीनचं फरसाण जायला वेळ लागला.

पाच महिन्यांनी आठवड्याची सरासरी १२८/८२ आली. वही बघून डॉक्टरांनी दोनपैकी एक गोळी थांबवली. दुसरी चालू आहे. "ही कधी सुटेल?" असं ते अजून दर वेळी मला विचारतात आणि मी वहीकडे बोट दाखवते.

गेल्या भेटीत त्यांनी अभिमानाने सांगितलं, "आता पंधरा मिनिटं शवासन होतं." बायको म्हणाली, "होतं कसलं, घोरतात!" आम्ही तिघंही हसलो, आणि मग मी विचारलं, रात्रीही असंच घोरतात का?

"रोज. मधेच श्वास थांबल्यासारखं होतं, मग दचकून पुन्हा सुरू."

झोपेत श्वास अडणं हेही दाब चढण्याचं एक मोठं कारण असतं, आणि इतक्या महिन्यांत ते कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्याच हाताने लिहायला लावलं: डॉक्टरांना घोरण्याबद्दल सांगणे. येत्या गुरुवारी त्यांची वेळ आहे.