परदेशातला शनिवार-रविवार

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे जर्मनीविषयीची आहेत आणि तिन्ही पत्रे शनिवार-रविवारच्या सुट्टीभोवती फिरतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. मी स्वतः पुण्याहून जाऊन स्टुटगार्टमध्ये नऊ वर्षे काढली. त्यामुळे पुढची उत्तरे थोडी माहितीची आणि बरीचशी स्वतः केलेल्या चुकांची आहेत.

प्रश्न : मी मूळची कोथरूडची, वय २७. वाहन-अभियांत्रिकीच्या नोकरीसाठी पाच महिन्यांपूर्वी स्टुटगार्टला आले. येथे पुण्या-मुंबईकडच्या सहा जणांचा आमचा गट जमला आहे आणि जवळजवळ दर शनिवारी आम्ही कुठे ना कुठे जातो. पॅरिस, प्राग, अ‍ॅमस्टरडॅम, झुरिक झाले. पुढच्या महिन्यात गाडी भाड्याने घेऊन आल्प्समध्ये जायचे ठरत आहे. छायाचित्रे पाहून पुण्यातल्या मैत्रिणींना माझा हेवा वाटतो. मला मात्र सोमवारी सकाळी आपण या शहरात पाहुणेच आहोत असे वाटते. शेजाऱ्यांची नावेही मला ठाऊक नाहीत आणि पगाराचा मोठा भाग प्रवासात जातो. गटाला नाही म्हटले तर एकटी पडेन, अशी भीती आहे. काय करावे?
– एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : गटाला दोष देऊ नका आणि गट सोडूही नका. परक्या शहरातल्या पहिल्या वर्षी, डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधारून येते तेव्हा, मराठीत विनोद कळणारी पाच माणसे हाताशी असणे ही चैन नसून गरज आहे. तुमची अडचण सहलींच्या संख्येत नाही, त्यांच्या जातीत आहे असे मला वाटते. पाच महिन्यांत तुम्ही चार मोठी शहरे पाहिलीत आणि प्रत्येक एकदाच पाहिलेत. एकदाच पाहिलेल्या जागी माणूस पाहुणाच असतो, आणि ज्या शहरात तुम्ही राहता तेही तुम्ही फक्त सोमवार ते शुक्रवारच पाहिले आहे.

आपल्याकडे रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढणारी माणसे आठवून पाहा. त्यांतल्या कित्येकांनी तो गड शेकडो वेळा चढलेला असतो. पाहण्यासारखे नवे काही उरलेले नसते, तरी ती जातात, ठरलेल्या मावशींकडे पिठले-भाकरी खातात, मडक्यातले दही घेतात आणि दहाच्या आत घरी परततात. पुण्यात वाढलेल्या कुणालाही ‘यात काय मजा?’ असे विचारावे लागत नाही. स्टुटगार्टमध्येही तुम्हाला एक सिंहगड शोधावा लागेल, म्हणजे तासा-दीड तासावरची अशी एक जागा, जिथे तुम्ही महिन्यातून एकदा जाल आणि जिथली वाट काही दिवसांनी नकाशाशिवाय सापडेल.

माझी जागा बाड उराख ही होती. स्टुटगार्टहून रेल्वेने निघून मेट्झिंगनला गाडी बदलली की हे श्वेबिश आल्ब डोंगररांगेच्या पायथ्याचे गाव येते. तिथला धबधबा ३७ मीटर उंचीवरून पडतो, त्याच्यासाठी रेल्वेचा स्वतंत्र थांबासुद्धा आहे, आणि समोरच्या डोंगरावर होहेनउराख किल्ल्याचे अवशेष दिसतात. धबधबा आणि पडका किल्ला एकाच दिवसात पाहिल्यावर पुणेकराचा जीव किती निवतो हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पहिल्यांदा गेले तेव्हा धबधबा छोटा वाटला होता. चौथ्या खेपेस, फेब्रुवारीत, त्याच्या कडा गोठलेल्या होत्या आणि मला प्रथमच ‘आपला’ धबधबा यंदा कसा दिसतो आहे, असे वाटले.

अशा प्रवासाला पैसेही फार लागत नाहीत. डॉइचलांडटिकेट हा मासिक पास १ मे २०२३ पासून ४९ युरोला मिळू लागला, २०२५ मध्ये तो ५८ युरोचा झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोचा आहे. देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम आणि बस यांत तो चालतो. आयसीई, आयसी या वेगवान गाड्यांत चालत नाही. कामावर जाण्यासाठी तुम्ही तो बहुधा घेतलाच असेल. मग ट्युबिंगेनच्या नेकार नदीकाठी जायला, किंवा १६१.५ मीटर उंचीच्या मनोऱ्याचे चर्च पाहायला उल्मला जायला, वेगळे तिकीट काढावे लागत नाही. झुरिकला गेलात तेव्हा फोनचे बिल किती आले तेही एकदा पाहा. स्वित्झर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असले तरी युरोपीय संघात नाही, त्यामुळे २०१७ पासून संघात लागू झालेली मोफत रोमिंगची सोय तिथे आपोआप मिळत नाही. हा धडा मी पैसे मोजून शिकले.

आता शेजाऱ्यांविषयी. जर्मनीत रविवारी दुकाने कायद्यानेच बंद असतात. रेल्वे स्थानकातली दुकाने, पेट्रोल पंप आणि काही तासांपुरत्या बेकऱ्या एवढाच अपवाद. म्हणजे शनिवार हा बाजाराचा, साफसफाईचा आणि जिन्यात दोन शब्द बोलण्याचा दिवस. तुम्ही शनिवारी पहाटे प्रागला निघालात, तर सोमवारी फ्रिज रिकामा असतो आणि इमारतीतल्या लोकांना तुम्ही फक्त चाकांच्या बॅगेचा आवाज म्हणून ठाऊक असता. त्यातून स्टुटगार्टच्या भागात ‘केअरवोखे’ नावाची प्रथा आहे. जिना आणि दारापुढची जागा झाडण्याची आठवड्याची पाळी, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर पाटी लागते. पहिल्या वर्षी माझ्या पाळीच्या आठवड्यात मी मित्रांबरोबर व्हेनिसला गेले होते. रविवारी रात्री परतले तर पाटीखाली एक चिठ्ठी. मजकूर अत्यंत सभ्य, आणि सदाशिव पेठेतल्या कोणत्याही पाटीला लाज वाटावी इतका नेमका. रात्री दहा वाजता झाडू घेऊन जिन्यात उतरले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून शांततेची वेळ सुरू झाल्याचेही सांगितले.

पुढच्या शनिवारी मी कुठेही गेले नाही. आजींच्या देखरेखीखाली जिना झाडला आणि मग त्यांच्याकडे कॉफी प्यायले. त्या १८८८ साली स्थापन झालेल्या श्वेबिशर आल्बफेराइन या पदभ्रमण संघटनेच्या स्थानिक शाखेबरोबर वर्षानुवर्षे डोंगरात जात होत्या. त्यांनीच मला तिथे नेले. माझे जर्मन तेव्हा इतके तोकडे होते की पहिले दोन महिने मी फक्त हवामान आणि बूट यांविषयी बोलू शकत होते. पण डोंगर चढताना गप्प राहिले तरी कुणाला खटकत नाही, त्यामुळे भाषा कच्ची असणाऱ्यासाठी ही सोबत कार्यालयातल्या जेवणाच्या टेबलापेक्षा फार सोपी. जर्मन माणूस सहज घरी बोलावत नाही, ही तक्रार खरी आहे; तो संस्थेत, क्लबात, गायनवृंदात भेटतो, आणि तिथे दर आठवड्याला तोच चेहरा दिसला की हळूहळू ओळख देतो. दर आठवड्याला दिसायचे, तर दर आठवड्याला शहराबाहेर राहून चालणार नाही.

गटाला हे कसे सांगावे? शुक्रवारी रात्री, तिकिटे काढून झाल्यावर, नक्कीच नव्हे. महिन्याच्या सुरुवातीला सांगा की एक लांबची सहल आणि एक जवळची सहल तुम्ही सर्वांबरोबर कराल, उरलेले दोन शनिवार-रविवार गावातच असाल आणि कुणाला जेवायला यायचे असेल तर घर उघडे आहे. माझा अनुभव असा की असे बोलणाऱ्या पहिल्या माणसावर गट रागावत नाही. आणखी दोघे दमलेले असतात, फक्त बोलत नसतात. खर्चाबाबत पुणेरी टीटीएमएम हेच उत्तम, मात्र हिशेब परतीच्या गाडीतच पुरा करावा. महिनाभर लांबलेल्या बारा युरोंनी मोडलेली मैत्री मी पाहिली आहे.

आल्प्सच्या बेताबाबत एक गोष्ट मात्र लगेच तपासा. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच भारतीय परवान्यावर वाहन चालवता येते आणि त्यासाठी सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा मान्य भाषांतर लागते. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन जर्मन परवाना घ्यावा लागतो. तुम्हाला पाच महिने झाले आहेत आणि सहल पुढच्या महिन्यात आहे. गटातले बाकीचे तुमच्या आधी आले असतील, तर त्यांची मुदत कदाचित संपलीही असेल. अशा वेळी अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतोच, पण विनापरवाना वाहन चालवणे हा तिथे गुन्हा आहे. भाड्याच्या करारात ज्याचे नाव चालक म्हणून नोंदलेले आहे त्यानेच गाडी चालवावी. शिवाय सह्याद्रीत तरबेज असलेल्यांना आल्प्स सोपा वाटतो. उंचावरच्या खिंडींत जूनमध्येही बर्फ असतो, हे गृहीत धरून वाट निवडा आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक सगळ्यांच्या लक्षात असू द्या.

प्रश्न : माझी मुलगी वर्षभरापूर्वी म्युनिकला गेली. आठवडाभर ती कामात असते म्हणून आम्ही रविवारी फोनची वाट पाहतो, तर ती मैत्रिणींबरोबर कुठेतरी फिरत असते. रात्री नऊला फोन केला की ‘आई, गाडीत आहे, नंतर करते’ एवढेच ऐकू येते. तिला आमची आठवण येत नाही का? तसेच पुढच्या महिन्यात तिची मैत्रीण पुण्याहून जाणार आहे, तिच्याबरोबर घरचे तूप आणि पेढे पाठवावेत असा विचार आहे.
– एक आई, सदाशिव पेठ

उत्तर : तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिच्याकडे हिवाळ्यात दुपारचे साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच. मार्च आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास सरकतात, त्यामुळे आपल्याशी असलेले अंतर साडेचार तासांचे साडेतीन आणि पुन्हा साडेचार असे होत राहते. सहलीला गेलेली माणसे नेमकी त्याच वेळी परतीच्या गाडीत, मैत्रिणींच्या घोळक्यात आणि बोगद्यांतून जाणाऱ्या रेल्वेत असतात. तिथून आईशी मनातले बोलता येत नाही, त्यात आठवण न येण्याचा काही संबंध नाही. आठवड्याच्या मधला एखादा वार ठरवून घ्या. बुधवारी ती स्वयंपाक करत असताना फोन टेबलावर ठेवून अर्धा तास बोलणे होईल, आणि ‘फोडणीत आधी मोहरी की हिंग’ यासारखे प्रश्नही येतील. मुलगी रविवारी घरात एकटी बसून तुमच्या फोनची वाट पाहते आहे, असे तुम्हाला कळले असते तर ती काळजी याहून मोठी असती.

तूप आणि पेढे पाठवू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध, मांस आणि त्यांपासून केलेले पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. सापडले तर जप्त होतात आणि ओशाळवाणे होते ते बिचाऱ्या मैत्रिणीला. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, दाण्याची चटणी द्या. लोणी तिथे उत्तम मिळते, तूप तिला कढवायला शिकवा. बुधवारच्या फोनला तेवढाच विषय.

प्रश्न : मी औंधला राहतो आणि ऑक्टोबरमध्ये उच्च शिक्षणासाठी ब्रेमेनला जात आहे. बजेट अगदी मर्यादित आहे. मित्र जमवून आजूबाजूला फिरता येईल का? गेल्या गेल्या शेजारच्या देशांत जाता येते का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : ब्रेमेन चौकात वाढलेल्या मुलाने ब्रेमेनलाच जावे, हे छानच झाले. पुणे आणि ब्रेमेन या शहरांचा स्नेहसंबंध जुना आहे आणि औंधमधल्या त्या चौकाचे नाव त्यातूनच आले.

घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. बँक आणि वास्तव्य परवाना यांची पुढची कामे त्या कागदावर अवलंबून असतात, म्हणून ते हाती येईपर्यंत सहलीचे नाव काढू नका. शेजारच्या शेंगेन देशांत वैध राष्ट्रीय (म्हणजे दीर्घ मुदतीच्या) व्हिसावर किंवा वास्तव्य परवान्यावर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जाता येते, मात्र मूळ पासपोर्ट आणि परवाना दोन्ही खिशात हवेत, कारण गाड्यांमध्ये तपासणी होते. व्हिसाची मुदत संपली आहे आणि परवान्याचे कार्ड अजून आलेले नाही, अशा मधल्या काळात सीमा ओलांडू नका.

फिरण्याच्या खर्चाबाबत सांगायचे, तर बहुतेक जर्मन विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच प्रवासाचे तिकीट येते. त्याची हद्द आधी वाचा. त्याबाहेर जायचे असेल, तर नीडरझाक्सन या शेजारच्या राज्याचे नीडरझाक्सन-टिकेट पाहा. ते एकत्र पाच जणांपर्यंत काढता येते, प्रादेशिक गाड्यांत दिवसभर चालते आणि ब्रेमेन, हॅम्बुर्ग ही दोन्ही शहरे त्यात येतात. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होते, शनिवार-रविवारी ती अट नाही. पाच जण जमवायचे म्हणून वर्गातल्या अनोळखी मुलांना विचारावे लागते आणि मित्र बहुधा असेच जमतात. फक्त पाचही जण भारतातले नसतील एवढे पाहा.

पहिली सहल ब्रेमरहाफनची करा. याच बंदरातून ७० लाखांहून अधिक माणसे देश सोडून नव्या जगाकडे गेली आणि तिथल्या स्थलांतर संग्रहालयात प्रत्येक पाहुण्याला त्यांतल्या एका खऱ्या प्रवाशाची हकिगत सोबतीला दिली जाते. सामानात छत्री भरली असेल तर काढून ठेवा. त्या किनाऱ्यावरचा वारा ती पहिल्याच दिवशी उलटी करतो. टोपी असलेले जाकीट घ्या.