वेब एपीआयचे फ्रीलान्स काम मिळवण्यासाठी नमुना म्हणून काय दाखवावे आणि दर कसा सांगावा?

आपल्याला जँगो (पायथनमधले वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) चांगले येते, तरीही ‘एपीआय बनवून देतो’ या ओळीला कोणी प्रतिसाद देत नाही, असे आपण लिहिले आहे. (एपीआय म्हणजे ॲप किंवा संकेतस्थळ ज्यातून सर्व्हरकडे माहिती मागते आणि मिळवते, तो मार्ग.) मी अशीच बॅकएंडची (ॲपच्या मागे सर्व्हरवर चालणाऱ्या भागाची) कामे घेतो, म्हणून उत्तर देतो.

संकेतस्थळ बनवणारा ग्राहकापुढे निदान दिसणारी स्क्रीन तरी ठेवू शकतो. एपीआयमध्ये पाहण्यासारखे काहीच नसते. म्हणून एक छोटा एपीआय सर्व्हरवर चालू ठेवा आणि त्याचे ओपनएपीआय (ठरावीक साच्यातले) वर्णन स्वॅगरच्या, म्हणजे ते वर्णन दाखवणाऱ्या साधनाच्या, पानावर असे उघडे ठेवा की, समोरच्याला ब्राउझरमधूनच विनंती पाठवून पाहता येईल. फास्टएपीआय या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये हे पान आपोआप तयार होते, तर जँगोवर एपीआय बनवण्याच्या जँगो रेस्ट फ्रेमवर्कला डीआरएफ-स्पेक्टॅक्युलर हे पॅकेज जोडावे लागते. विषय मात्र कामांच्या यादीचा नको, कारण त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. दवाखान्याच्या वेळा राखून ठेवण्याचा घ्या: एकच वेळ दोघांनी एकदम मागितली तर एकाला ४०९ (मागणी सध्याच्या नोंदीशी जुळत नाही) हा कोड आणि समजेल असा संदेश मिळतो का, पेमेंट गेटवेचा वेबहूक (व्यवहाराची आपोआप येणारी सूचना) त्याच व्यवहारासाठी दुसऱ्यांदा आला तरी पावती एकच बनते का, उत्तर पोहोचण्याआधी नेटवर्क तुटून ॲपने तीच विनंती पुन्हा पाठवली तर काय होते, हे त्यात दाखवता येते. जाणकार ग्राहक हेच तपासतो.

एंडपॉइंट (एपीआयमधला एकेका कामाचा पत्ता) मोजून दर सांगू नका. डॉक्टरांची यादी देणारा एंडपॉइंट अर्ध्या दिवसात होईल, पण पैसे परत करणाऱ्याला आठवडाही लागू शकतो, आणि ग्राहकाच्या लेखी दोन्ही सारखेच. त्यापेक्षा एपीआयचे संपूर्ण वर्णन लिहून देणे हाच पहिला, स्वतंत्र मोबदल्याचा टप्पा ठेवा. ते घेऊन ग्राहक दुसऱ्याकडे गेला तरी हरकत नाही, असेही स्पष्ट सांगा. पुढचा दर त्यावरून ठरवणे दोघांनाही सोपे जाते. (जो एवढ्याचेही पैसे देत नाही, तो पुढे देईल असे मला वाटत नाही.)

करारात मालकीचे कलम घाला. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क लेखी हस्तांतरित करावे लागतात, आणि मुदत व प्रदेश नमूद नसल्यास ते पाच वर्षांपुरते आणि भारतापुरते मानले जातात. म्हणून दोन्ही लिहा आणि हस्तांतरण पूर्ण रक्कम मिळाल्यावरच होईल, असे ठरवा. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

काम शोधताना थेट दुकानदार किंवा डॉक्टरांकडे जाण्याऐवजी मोबाइल ॲप बनवणाऱ्या लहान स्टुडिओंना लिहा. त्यांच्याकडे ॲपच्या स्क्रीन बनवणारे असतात, बॅकएंडचा माणूस बहुधा कमी पडतो, आणि स्वॅगरचा दुवा पाहून काय विचारायचे हे त्यांना ठाऊक असते.