विचारा बिनधास्त: पेंटबॉलच्या गनला हवा कुठली लावायची?

प्रश्न: आम्ही मिनेसोटात राहतो. मुलाकडे सेकंडहँड टिपमन ९८ ही पेंटबॉल गन आहे आणि २० औंसची सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) टाकी. उन्हाळ्यात मस्त चालली, पण आता थंडी पडल्यावर पटापट पाच-सहा गोळ्या मारल्या की पुढच्या जवळच पडतात आणि बॅरलमधून पांढरा धूर येतो. त्याला आता एक्सपान्शन चेंबर (गॅस फुलायला जादा पोकळी), रिमोट लाइन (टाकी गनपासून लांब ठेवायची नळी), वेगळा रेग्युलेटर असं सगळं बसवायचंय. खरंच लागतं का हो एवढं?

उत्तर: नाही लागत ताई. ती यादी ठेवा बाजूला आणि फक्त टाकी बदला. सीओटू टाकीत लिक्विड असतो, त्याचा गॅस होताना तो टाकीचीच उष्णता खातो, म्हणजे पटापट मारलं की टाकी गार आणि गार झाली की प्रेशर खाली, आपला घरचा सिलेंडर थंडीत मंद होतो ना तसंच. २१ डिग्री सेल्सिअसला साधारण ८५० पीएसआय (दाबाचं एकक) मिळतं, ० डिग्रीला जेमतेम ५०० आणि मिनेसोटात तर शून्य म्हणजे बरा दिवस म्हणायचा. तो पांढरा धूर म्हणजे बहुतेक लिक्विड तसाच गनमध्ये शिरतोय, ते ओ-रिंगना, म्हणजे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांना, चांगलं नाही. एक्सपान्शन चेंबर आणि रिमोट लाइनमुळे लिक्विडचा गॅस व्हायला जरा जागा मिळते हे खरं, पण टाकीच गारठली तर त्यांचा काय उपयोग?

एचपीए घ्या, म्हणजे नुसती दाबून भरलेली हवा. टाकीवरच रेग्युलेटर असतो, तो आतलं ३००० किंवा ४५०० पीएसआय उतरवून गनला साधारण ८०० देतो आणि तो आकडा थंडीत फारसा हलत नाही. टिपमन ९८ ला ही टाकी थेट बसते, काही बदलावं लागत नाही. फक्त लो प्रेशर आउटपुटवाली, ४५० पीएसआयच्या आसपास देणारी टाकी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, या गनला तेवढं पुरत नाही. अॅल्युमिनियमची ४८/३००० (म्हणजे ४८ घन इंच, ३००० पीएसआय) स्वस्त पण जड, कार्बन फायबरची ६८/४५०० महाग, पण हलकी आणि हवा दुपटीहून जास्त मावते. मात्र तुमच्या मैदानावर ४५०० पर्यंत भरून देतात का ते आधी विचारा, काही ठिकाणी ३००० वरच थांबतात, मग जादा पैसे कशाला घालवायचे. आणि जुनी घेताना टाकीवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकी तपासतात त्याची) तारीख बघाच, साधारण दर ५ वर्षांनी करावी लागते, तारीख उलटलेली टाकी मैदानवाले भरून देणार नाहीत आणि ते बरोबरच आहे.

यादीबाहेरचं एकच काहीतरी घ्यायचं तर मी ऑन-ऑफवाला एएसए, म्हणजे गनवर टाकी बसते तो जोड, घेईन. टाकी काढायच्या आधी हवा बंद करून लाइनमधली सोडून देता येते, त्यामुळे टाकीच्या तोंडाची ओ-रिंग दर वेळी फाटत नाही. रिमोट लाइन हौस म्हणून ठीक, टाकी पाठीवर गेली की हात हलका होतो, पण पळताना ती नळी झुडपात अडकतेच.

आता जरा सिरियस. टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह यांच्या जोडावरून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा. टाकी काढताना ती रेघ तुटून सरकलेली दिसली तर व्हॉल्व्ह गनलाच राहतोय आणि बाटली सुटतेय, तिथल्या तिथे थांबायचं आणि जाणत्या माणसाला दाखवायचं. व्हॉल्व्ह टाकीवेगळा उडून अमेरिकेत माणसं मेलीयेत. तसंच हवा भरायच्या निपलला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, एवढ्या प्रेशरला ते पेट घेऊ शकतं. तेलाचे दोन-तीन थेंब गनच्या एएसएमध्ये, तेही पेंटबॉलचंच तेल.

टाकी बदलली की पहिल्याच दिवशी क्रोनोवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, गोळीचा वेग तपासा, गारठलेल्या सीओटूवर सेट केलेल्या गनचा वेग एचपीएवर एकदम वर जातो. बहुतेक मैदानांवर लिमिट २८० ते ३०० फूट प्रति सेकंद असतं. वेगाचा स्क्रू अॅलन कीने उजवीकडे फिरवला की वेग कमी होतो. आणि मास्क घातल्याशिवाय नाही.

प्रश्न: पुण्यात आहे, स्वतःची एचपीए टाकी आणलीय. टायरवाल्याकडे भरून मिळेल का?

उत्तर: नाही मित्रा. त्याचा कॉम्प्रेसर दीडेकशे पीएसआयपर्यंत जातो, तुला ३००० पाहिजे. स्कूबावाल्यांकडे विचार, त्यांचे सिलेंडर साधारण २०० बारचे (२९०० पीएसआय) असतात आणि हवा कोरडी, बिनतेलाची असते, योग्य फिल अडॅप्टर असेल तर त्यातून भरता येते. फक्त सावकाश भरायची, घाईत भरली तर टाकी तापते आणि गार झाल्यावर काटा खाली आलेला दिसतो.