वाचकांचे प्रश्न : एकाच तिकिटावर सगळं फिरता येतं का?

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. आम्ही दोघं (वय ६६ आणि ६३) तिकडे जाणार आहोत. मुलगा-सून कामावर गेले की आमचं आम्हीच मॅनहॅटन, जर्सी सिटी फिरावं म्हणतो. रेल्वे, सबवे, लाइट रेल सगळ्यांना मिळून एकच तिकीट चालतं का?

उत्तर : नाही. एडिसनहून सुटणारी गाडी न्यू जर्सी ट्रान्झिटची, हडसन नदीखालून जाणारी ‘पाथ’ ही गाडी पोर्ट ऑथॉरिटीची आणि सबवे, म्हणजे न्यूयॉर्कची भुयारी मेट्रो, एमटीए या तिथल्या वाहतूक संस्थेची. प्रत्येकीचं भाडं वेगळं, शिवाय तिकीट तपासायची रीतही वेगळी. नवखा माणूस फसतो तो इथेच.

एडिसनच्या गाडीचं तिकीट स्टेशनवरच्या मशीनवर किंवा ॲपवर आधी काढा. कंडक्टरकडे काढलं तर जादा आकार पडू शकतो. ६२ वर्षं पूर्ण असली की सवलत आहे, म्हणजे तुम्हा दोघांनाही. वयाचा पुरावा जवळ असू द्या. ॲपवर तिकीट घेतलं की काम झालं असं नाही, चढण्यापूर्वी ते ॲपमध्येच ‘ॲक्टिव्हेट’ म्हणजे चालू करावं लागतं. तिकीट पाहून कंडक्टर सीटवर कागदाची चिठ्ठी खोचतो. जागा बदललीत तर ती चिठ्ठी सोबत न्या.

आता खरी गंमत. ‘पेन स्टेशन’ दोन आहेत : आधी न्यूअर्कचं, मग न्यूयॉर्कचं. घोषणेत दोन्ही नावं सारखीच ऐकू येतात आणि माणसं न्यूअर्कलाच उतरून मॅनहॅटन शोधतात. न्यूयॉर्कच्या आधी नदीखालचा बोगदा लागतो. तो येईपर्यंत जागेवरून उठू नका. मात्र वर्ल्ड ट्रेड सेंटरला जायचं असेल तर न्यूअर्कलाच उतरून पाथ पकडा.

त्याच पाथने जर्सी सिटीत एक्सचेंज प्लेसला उतरलात की बाहेर हडसन-बर्गन लाइट रेल (ट्रामसारखी छोटी गाडी) मिळते. तिथे फाटक नाही, म्हणून फुकट समजू नका. मशीनमधून निघालेलं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात सरकवून त्यावर वेळेचा ठसा उमटवायचा. ठसा नसेल तर खिशात तिकीट असूनही तपासनीस तुम्हाला विनातिकीट धरतो.

सबवेत बँकेचं कार्ड फाटकावरच्या यंत्राला टेकवून, म्हणजे ‘टॅप’ करून, आत जायचं. दोघांनी दोन कार्डं ठेवा आणि सकाळी कार्ड, दुपारी फोन असं करू नका. फोनमध्ये कार्ड तेच असलं तरी हिशोब दोन होतात आणि दोन तासांच्या आत सबवेतून बसमध्ये किंवा बसमधून सबवेत मोफत जायची सोयही हुकते. भारतातलं कार्ड नेणार असाल तर परदेशी व्यवहार आणि ‘टॅप’ या दोन्ही सोयी निघण्यापूर्वीच बँकेच्या ॲपमधून चालू करून घ्या.

आत शिरण्यापूर्वी जिन्यावरची पाटी वाचा : ‘अपटाउन’ म्हणजे उत्तरेकडे, ‘डाउनटाउन’ म्हणजे दक्षिणेकडे. काही स्टेशनांवर दोन्ही दिशांचे दरवाजे रस्त्याच्या दोन बाजूंना असतात. चुकीच्या बाजूने शिरलात तर आतून पलीकडे जायला वाट नसते. वर येऊन पुन्हा पैसे भरावे लागतात.

परतताना न्यूयॉर्क पेनला फलाटाचा नंबर गाडी सुटायच्या जेमतेम दहा मिनिटं आधी लागतो आणि सगळी गर्दी एकाच जिन्यावर लोटते. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट कुठे आहे ते आधीच हेरून ठेवा.